बर्फाला भिणारी हवालदारीण

मासे विकणारी बाई आणि बर्फाला भ्यायची. पनवेलच्या मच्छीबाजारात असं माणूस एकच होतं आणि ते माझ्या घरात होतं. त्यात मी बर्फवाला. पहाटे कारखान्यातून लाद्या टेम्पोत भरायच्या, बाजारात आणायच्या, फोडून एकेकीच्या टोपलीपाशी टाकायच्या, हे काम मी गुडघे जाईपर्यंत केलं. बाकीच्या बाया माझी वाट बघायच्या. माझी बायको मला बघितलं की उजवा हात पदरात गुंडाळायची आणि ओरडायची, "तिकडंच टाका, लांब! हाताला लागला तर जीव जातो माजा." बाया हसायच्या. म्हणायच्या, "नवऱ्याला भीत नाय आनि त्याच्या बर्फाला भिते."

सगळा बाजार तिला हवालदारीण म्हणायचा. पुढं मीही म्हणायला लागलो. कोणाचं पाणी कोणाच्या जागेत गेलं, कोणी कोणाचं गिऱ्हाईक ओढलं, कुत्रं कोणाच्या टोपलीत तोंड घालतंय, सगळा निकाल ती बसल्या जागेवरून द्यायची. आवाजच तसा होता. माहेर उरणकडचं, मिठागरावरचं. ती म्हणायची, "मिठागरात हळू बोललेलं खाडीला ऐकू जातं, मानसाला नाय." लग्न झाल्यावर आमच्या दोन खोल्यांत ती त्याच आवाजात बोलायची. शेजारच्यांना आमच्या घरात काय शिजलं ते वासाआधी कळायचं.

ती वजनावर मासा विकायची नाही. वाटे लावायची. मांदेलीचा वाटा, बांगड्यांचा वाटा, फळीवर ओळीनं. विचुंब्याकडच्या नव्या बिल्डिंगीतली माणसं गाड्या घेऊन यायची आणि विचारायची, "किलोला काय भाव?" ही म्हणायची, "किलोवर कांदे घ्या. हितं वाटा हाय." आणि कोणी मासा बोटानं दाबून बघायला गेलं की तिचा हात फटकन त्याच्या हातावर. "डोळ्यानं घे, बाय. मेला म्हनून काय झालं, त्याला पन दाबलेलं आवडत नाय." लोकांना ती गंमत वाटायची. मला माहीत होतं, ती गंमत करत नव्हती. तिला स्वतःला दाबलेलं चालत नव्हतं.

तिच्या उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, एक गाठ होती. आधी चण्याएवढी. नुसती बघितली तर काहीच नाही. पण कोणी दाबली, कशावर आपटली, किंवा बर्फ लागला, की तिचा चेहरा पांढरा पडायचा आणि तोंडातून जे निघायचं ते इथं लिहिता येत नाही. रडायची नाही. समोर असेल त्याला शिव्या द्यायची. मी समोर असायचो.

आता मच्छीबाजारात हाताला गाठ आली तर ती कशाची असणार? शिंगाळ्याच्या काट्याची. शिंगाळा हा मासा मेल्यावरही सोडत नाही. त्याचा काटा बोटात गेला की माणूस रात्रभर तळमळतो. हिला लग्नाच्या आधी एकदा लागला होता. झालं. बाजूला सुकी मच्छी घेऊन बसणारी सकिनाभाभी म्हणाली, "काटा मोडून आत राहिलाय. उसी का दर्द है, हवालदारीण." पलीकडचीही तेच म्हणाली. मीही तेच म्हटलं. तेव्हापासून आमच्या घरात त्या गाठीला गाठ म्हणत नव्हते, काटा म्हणत होते. "आज काटा कसा हाय?" असं मी विचारायचो, जसं कोणी घरातल्या म्हाताऱ्याचं विचारावं.

काटा म्हटल्यावर तो काढायला पाहिजे. आपटा गावात नदीकाठी एक म्हातारा काटे ओढायचा. तांदळाच्या पिठाचं आणि हळदीचं गरम पोटीस बांधायचा आणि सांगायचा, काटा आपोआप तोंड वर काढेल. हिला टेम्पोत घालून नेलं. पोटीस बांधलं. गरमानं तिला बरं वाटलं. ती म्हणाली, "मानूस हुशार हाय." मग म्हाताऱ्यानं काटा वर आलाय का ते बघायला अंगठ्यानं दाबलं. त्याच्या अंगणातली कोंबडी उडून कौलावर बसली, एवढं ती ओरडली. घर आल्यावर म्हणाली, "काटा नाय आला. म्हाताऱ्याचा जीव मातर वर आला हुता."

मग आमच्या गल्लीतल्या डॉक्टरनं हाताचा फोटो काढायला लावला. फोटो उजेडावर धरून म्हणाला, "काटा नाही."

ती म्हणाली, "नीट बगा."

"नीटच बघतोय. काटा असता तर दिसला असता."

"मग लपला असंल."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडं बघितलं. तिच्याशी वाद घालायचा नाही हे मला कळत होतं, त्याला अजून कळायचं होतं.

असं बरीच वर्षं चाललं. तिचं म्हणणं असायचं, "दुखन्याला बसायला पाट देऊ नये. पाट दिला की ते जेवूनच जातं." म्हणून ती दुखण्याला पाट देत नव्हती. बर्फ डाव्या हातानं घ्यायची, हातावर जुन्या साडीची चिंधी बांधायची, आणि मासा कापताना अंगठा अशा कोनात ठेवायची की गाठीला कोयत्याची फळी लागणार नाही. बघणाऱ्याला वाटायचं ही हिची ढब आहे. नव्या पोरी तिचं बघून तसाच अंगठा वाकडा ठेवून मासे कापायला शिकल्या.

गाठ चिंचोक्याएवढी झाली तेव्हा सून बोलली, आता मोठ्या ठिकाणी दाखवायचंच. हाताचे डॉक्टर म्हणून एक वेगळे असतात, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी हात दाबला नाही. आधी विचारलं, "दाबू का?" ही म्हणाली, "नको." ते म्हणाले, "बरं." एवढ्यावर तिला तो डॉक्टर आवडला. त्यांनी मशिनीत घालून आतले फोटो काढले आणि आम्हाला समोर बसवलं. म्हणाले, काटा-बिटा काही नाही. ही मांसाची गाठ आहे, रक्तवाहिनीला धरून आहे. बहुतेक साधी असेल. पण या जागी काय काय होऊ शकतं ते फोटोवरून नक्की सांगता येत नाही. वाईट निघाली तर अंगठा मुळापासून काढावा लागेल.

खोलीत पंखा चालू होता. तो ऐकू यायला लागला.

ऑपरेशनच्या दिवशी नर्स कागद घेऊन आली. सुनेनं वाचून दाखवला. गाठ काढायची, आणि लागलं तर अंगठाही काढायचा, दोन्हीची परवानगी एकाच कागदावर. हिला सही येत नव्हती. नर्सनं शाईचं पॅड पुढं केलं. हिनं सवयीनं उजवा अंगठा उचलला, पॅडवर टेकवणार, आणि थांबली. अंगठ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ज्याला काढायचा, त्याच्याच हातानं लिहून घेता काय?"

नर्सनं पॅड मागं घेतलं. डॉक्टरांना बोलावलं. ही त्यांना म्हणाली, "गाठ काढा. तपासा. अंगठ्याला हात लावायचा नाय. वाईट निघाली तर मी परत येते, पळून नाय जात. माजं घर पनवेलात हाय."

डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांदा भूल द्यावी लागेल, ताई."

"द्या. पन अंगठा नसला तर बांगडा हातात राहत नाय. तुमी बगा ते पेन धरून, चार बोटांनी."

डॉक्टरांनी खरंच अंगठा बाजूला ठेवून पेन धरलं. पेन पडलं. ते उचलून त्यांनी कागदावरची ती ओळ खोडली आणि खाली सही केली. मग हिनं अंगठा दिला, नीट, दाबून नाही, हळू.

गाठ काढली. पांढरी, गोल, लहान. बाटलीत औषधात घालून नर्सनं माझ्या हातात दिली आणि लॅबचा पत्ता दिला. लॅब पनवेलातच, जवळ. मी बाटली घेऊन खाली आलो. टेम्पोत थर्माकोलचा खोका होता, तळाशी बर्फ होता. मी बाटली बर्फात रोवली, वरून अजून बर्फ घातला, झाकण लावलं आणि निघालो. जन्मभर हेच केलं. मांस म्हटलं की बर्फ. दुसरं काही डोक्यात आलं नाही.

लॅबच्या मॅडमनी खोका उघडला आणि माझ्याकडं बघितलं. केस पांढरे, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, "काका, मासा नाही हा."

मी म्हटलं, "मांसच ना. वास सुटला असता."

"औषधात आहे, नाही सुटत. उलट गोठली असती तर मला नीट बघता आलं नसतं." त्यांनी बाटली पुसली, ट्यूबलाइटला धरून हलवली. बर्फ तसाच खोक्यात. मग विचारलं, "कुठली आहे?"

"हाताची. अंगठ्यापाशी. मंडळीची."

"बर्फ लागला की दुखायची का?"

मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. विचारतेय."

मी सगळं सांगितलं. काटा, आपटा, कोंबडी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुखणं ऐकून एक गोष्ट मनात येते, पण मनात येणं वेगळं आणि सांगणं वेगळं. गाठीचे पापुद्र्यासारखे काप काढणार, रंग देऊन काचेवर लावणार, भिंगातून बघणार. हातात अशी गाठ फार कमी दिसते, म्हणून दुसरे रंगही देऊन बघणार, ते मुंबईला पाठवावे लागतात. वेळ लागेल. "घाईत सांगितलेलं तुमच्याही कामाचं नाही आणि माझ्याही."

हिला घरी आणल्यावर बर्फाचं सांगितलं. हाताला मोठी पट्टी, तोंड सुकलेलं. ती म्हणाली, "काय मानूस हाय! बाहेर काढली तरी तिला बर्फातच नेऊन घातलीत?" आणि हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

मग वाट बघणं आलं. त्या दिवसांत एक दुपार मी घरी लवकर आलो तर ती मोरीपाशी बसलेली. समोर परातीत बांगडे. सुनेला सांगून आणवले होते. पट्टीतला अंगठा तिनं मागं वळवून वर बांधून घेतला होता, आणि उरलेल्या चार बोटांनी बांगडा धरून डाव्या हातानं कापत होती. बांगडा निसटत होता. परातीतून मोरीत, मोरीतून परत परातीत. ती काही बोलत नव्हती. एवढी गप्प मी तिला कधी बघितली नव्हती. मी दारातच उभा राहिलो. तिला कळलं मी आलोय. न बघता म्हणाली, "जमंल. मोठी सुरमई नाय जमनार. बारीक मावरं जमंल."

मी आत गेलो, हातपाय धुतले. त्या रात्री आम्ही ते फाटलेले बांगडे खाल्ले.

मी लॅबमध्ये जाऊन बसायचो. मॅडम काचेच्या आडून मान हलवायच्या, अजून नाही. एके दिवशी त्यांनी हातानंच बोलावलं आणि म्हणाल्या, ताईंना घेऊन या. मी घाबरलो. वाईट सांगायचं असलं की माणसाला बोलावतात, असं माझं. हिला सांगितलं तर ती उठली, नवीन साडी नेसली, केस विंचरले. म्हणाली, "वाईट ऐकायला कशाला वाईट दिसत जायचं?"

मॅडमसमोर बसल्यावर हिनं त्यांना नावानं नाही, मॅडम नाही, काही नाही, सरळ म्हटलं, "बाय, खरं सांग."

मॅडम म्हणाल्या, "साधी आहे. अंगठा राहील."

हिनं पट्टीवर डावा हात ठेवला. बोलायला पाहिजे होतं म्हणून मी विचारलं, कशाची हो? मॅडमनी सांगितलं की आपल्या आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, एक स्नायू असतो. आपण न सांगता हलतो. त्याचीच ही गाठ, रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाढलेली. वाईट गाठीच्या पेशी धक्काबुक्की करतात, आडव्यातिडव्या पसरतात. या रांगेत झोपल्यात. म्हणाल्या, अशा गाठी बहुतेक करून बायकांच्या गर्भपिशवीत होतात. हातात क्वचित, म्हणून सगळे घाबरले.

पिशवी म्हटल्यावर ही सरळ बसली. तिची पिशवी आधीच काढलेली, गाठींसाठीच. "मंग बरोबर हाय," म्हणाली, "पिशवी काढली, तिला ऱ्हायला जागा नाय. चढली हातात."

"नाही हो ताई. ती वेगळी, ही वेगळी. ही इथलीच. कुठून आली नाही."

"आनि दुखायची का मग एवढी? साधी हाय तर?"

"साधी आहे म्हणून दुखत नाही असं कुठंय? रक्तवाहिनीला धरून होती. थंडीनं ती आवळायची."

ही माझ्याकडं वळली. "ऐकलात? तुमचा बर्फ." मग मॅडमना म्हणाली, "बाय, काटा नव्हता ना पन? एकदा बगून घे." मॅडमनी सांगितलं, काटा नव्हता. तरी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बारीक असंल. भिंगातून पन सगळं थोडंच दिसतं."

पट्टी सुटली, टाके सुटले, बाजारात ती परत बसली. मी लाद्या घेऊन आलो तेव्हा सगळ्या आपापली कामं सोडून बघत होत्या. सकिनाभाभी उठून उभी राहिली. हवालदारणीनं पदर कमरेला खोचला, उजवा हात बर्फात घातला आणि तसाच ठेवला. कोणी हललं नाही. मग म्हणाली, "थंड हाय." बस. दुसऱ्या क्षणाला ओरडली, "बगताय काय? मावऱ्यांना माश्या लागल्या!" आणि बाजार सुरू झाला.

त्यानंतर वर्षातून एकदा ती मॅडमना हात दाखवायला जायची. जाताना कोळंबीचा वाटा न्यायची. मॅडम शाकाहारी होत्या हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. तरी न्यायची. "त्यांच्या हाताखालच्या पोरी खातात. आनि रिकाम्या हातानं हात कसा दावायचा?" मॅडम हात उलटासुलटा बघायच्या, दाबायच्या, ही दाबू द्यायची. तेवढी एकच बाई, जिला तिनं दाबू दिलं.

ती गेली ती हातानं नाही. सकाळी बाजाराला निघाली होती. चप्पल घातली, परत आत आली, म्हणाली, "जरा बसते." बसली. मी म्हटलं, "पाणी देऊ?" ती हो म्हणाली की नाही म्हणाली मला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. ज्या गोष्टीला आम्ही इतकी वर्षं भ्यायलो ती साधी होती, आणि ज्याचं कधी नाव काढलं नाही त्यानं नेलं. लोकांनी रडायला सांगितलं. रडू आलं नाही. तेराव्याला जेवलो. भात बरा होता. आता सून फ्रीजमधल्या बर्फाचे खडे सरबतात टाकते, ग्लास माझ्या हातात देते, मी पितो. थंड लागतं. एवढंच लागतं.

सुनेनं गेल्या महिन्यात साखर तपासायला त्याच लॅबमध्ये पाठवलं. दंडात सुई टोचली, मी बसून होतो. मॅडम आतून आल्या, आता जरा वाकल्यात. हसल्या. "काका! ताई कुठायत? यंदा हात दाखवायला आल्या नाहीत."

मी सांगितलं.

त्या उभ्या होत्या, त्या बसल्या. मग विचारलं, "हाताला परत काही नव्हतं ना?"

"नाही," मी म्हटलं. "हात चांगला होता. शेवटपर्यंत चांगला होता."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "काका, त्यांच्या गाठीच्या काचा अजून माझ्याकडं आहेत. नवीन डॉक्टर शिकायला येतात, त्यांना दाखवायला फार चांगल्या आहेत. अशी गाठ या जागी असू शकते हे डोळ्यानं बघितलेलं असलं म्हणजे उद्या घाबरून कोणाचा अंगठा जाणार नाही. नाव लावणार नाही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय दाखवायच्या नाहीत असं मनात होतं." त्यांनी कपाटातून एक काच आणली, भिंगाखाली ठेवली, खुर्ची माझ्याकडं ओढली. "बघा ना."

मी डोळा लावला. आधी माझीच पापणी दिसली. मग गुलाबी दिसलं. गुलाबी दोरे, एकाला एक लागून, वळून वळून गेलेले, मध्ये बारीक फटी. मला त्यातलं काही कळलं नाही. तिला खाडीवर नेऊन जाळलं होतं. राख मीच सोडली होती. आणि हे इथं होतं, काचेवर, रंग दिलेलं.

मॅडम म्हणाल्या, "दाखवू ना मुलांना? चालेल?"

मी भिंगावरून डोळा काढला नाही. म्हटलं, "तिला विचारून सांगतो."